कानातलं पाणी

मी मराठीची शिक्षिका. 'ण'च्या जागी कुणी 'न' म्हटलं की माझं डोकंच फिरतं. वारज्याच्या आमच्या शाळेत निम्मी मुलं विदर्भातून आलेल्या घरांतली, त्यामुळे ते फिरायची सोय रोजचीच. त्या वर्षी सातवीत एक मुलगी होती. बोलायला उभी राहिली की अख्खा वर्ग डबे उघडायचं विसरायचा. फक्त 'पानी' म्हणायची. आणि तिचं वक्तृत्व स्पर्धेचं भाषण नेमकं पाण्यावर! मी ठणकावलं, "'पाणी' म्हणता येईपर्यंत यादीत तुझं नाव नाही." रोज मधल्या सुट्टीत ती वर्गातच माझ्या टेबलापाशी येऊन म्हणून दाखवायची आणि रोज मला 'पानी'च ऐकू यायचं.

माझ्या दोन्ही कानांना तेव्हा दडे बसले होते. सर्दी कधीच गेली, दडे काही जाईनात. गोळ्या झाल्या, वाफ झाली, शेजारणीने दिलेलं लसणीचं तेलसुद्धा झालं. शेवटी घराजवळच्या डॉक्टरांनी ऐकण्याच्या चाचणीला पाठवलं. बंद खोली, कानांवर हेडफोन, हातात बटण. टुक वाजलं की दाबायचं. टुक काही वाजेना. पण आयुष्यात मी कुठल्या परीक्षेत नापास झालेली नाही हो! काचेपलीकडे आवाज सोडणाऱ्या मुलीचा खांदा हलला की मी बटण दाबत गेले. जन्मभर कॉपी पकडणारी बाई, आणि हे धंदे! रिपोर्ट झकास आला. "सर्दीचंच आहे, जाईल," असं ठरलं आणि आणखी महिना गेला.

मग कर्वे रोडवरच्या कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कानात दुर्बिणीतून पाहिलं, नाकातून मागेपर्यंत नळी घालून पाहिलं, मग कानात हवेचा दाब सोडणारं यंत्र लावलं. पडदा हलला तर कागदावर डोंगर उमटतो म्हणे. माझी सरळ सपाट रेघ.

"पडद्यामागे पानी साचलंय," डॉक्टर मोठ्याने म्हणाले.

"पाणी," मी सवयीने दुरुस्त केलं.

"मी पाणीच म्हणालो."

ती पोरगी डोळ्यांसमोर उभी राहिली.

"या आधीच्या चाचणीत इतके छान मार्क कसे पडले तुम्हाला?" त्यांनी विचारलं. मी खांद्याचं आणि लसणीच्या तेलाचंही सांगून टाकलं. "अहो बाई, ही परीक्षा नापास व्हायलाच असते," ते म्हणाले. "आणि तेल भजी तळायला ठेवा."

पुढच्या आठवड्यात त्यांनी दोन्ही पडद्यांना बारीक छेद देऊन ते चिकट पाणी ओढून काढलं, परत साचू नये म्हणून मोहरीएवढ्या नळ्या बसवल्या. घरी जाताना सुट्ट्या पैशांवरून रिक्षावाला काय पुटपुटला तेही ऐकू आलं. ऐकण्यासारखं नव्हतं, पण मी खूश!

शाळेत गेले त्या दिवशी दुपारी यादी जायची होती. मधल्या सुट्टीत ती आली, नेहमीसारखी हाताची घडी घालून उभी राहिली आणि म्हणाली, "पाणी."

काय तो 'ण'! खणखणीत.

"अगं, कधीपासून जमतंय हे?"

"दिवाळीच्या सुट्टीपासून, बाई."

"मग मला सांगायचं नाही का?"

ती गोंधळली. "रोजच तर सांगत होते, बाई."

मी भर वर्गात स्वतःचे कान धरले. मग तशीच उठले आणि यादीत पहिलं नाव तिचं लिहून आले.