हुंबरवाडीची काही तक्रार नाही

आमचा लाइनमन मारुती खांबावर चढला होता आणि खाली अर्धं गाव चहाची किटली घेऊन उभं होतं. आम्ही वीज कंपनीची माणसं. तार काढायला गेलो की लोक शिव्या घालतात, अंगावर येतात, निदान व्हिडिओ तरी काढतात. चहा देत नाहीत.

"सुभेदारसायबांनी धाडलं न्हवं तुमास्नी?" एका म्हाताऱ्यानं कप पुढं करत विचारलं. "आमी म्हनतच व्हतो, उशीर लागंल पर सायेब इसरायचे न्हाईत."

"कुठले सुभेदार?"

"क्यांपातले की."

कॅम्प बंद होऊन बरेच महिने झाले होते. मी कप हातात घेतला.

मी या भागाची सेक्शन ऑफिसर. म्हणजे लाईट गेली की जिच्या नावानं खडे फोडले जातात ती बाई. मूळची निपाणीची, आडनाव कांबळे. हुंबरवाडी जांबोटी रस्त्यावरून आत वळलं की लागते. गावाला लागून मिलिटरीचा एक ट्रेनिंग कॅम्प होता. वरून हुकूम आला आणि कॅम्प हलला. ट्रकांची रांग गेली, गेटला कुलूप लागलं आणि कंत्राटावरचा एक वॉचमन मागं राहिला. गावातलं दूध आणि भाजी त्या गेटातून आत जायची, ती थांबली. न्हाव्यानं आणि धोब्यानं उद्यमबागेतल्या कारखान्यांत काम धरलं. कॅम्पमुळं बस वरचेवर यायची, ती आता सकाळी एकदा येते, आली तर.

हे सगळं गावाच्या लक्षात आलं होतं. वीजही कॅम्पमुळंच टिकत होती हे मात्र आलं नव्हतं, कारण ते कुणालाच माहीत नव्हतं.

ते सोपं करून सांगते. सबस्टेशनमधून गावांकडं ज्या लाइनी निघतात त्यांना आम्ही फीडर म्हणतो. कालव्यातून पाट काढावेत तसं. शेतीच्या फीडरला वीज पाळीनं मिळते, बाकी वेळ बंद. कॅम्पला मात्र एक्स्प्रेस फीडर होता. एक्स्प्रेस म्हणजे त्याची वीज शक्यतो तोडायचीच नाही. ती लाइन हुंबरवाडीतून जात होती, म्हणून फार पूर्वी कुठल्यातरी साहेबानं गावही तिच्यावर जोडून दिलं. त्यामुळं या गावाला लोडशेडिंग म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. गावात इन्व्हर्टर नाही की कंदील नाही. उचगावची पोरगी लग्न होऊन इथं आली की माहेरी फोन करून सांगायची, आमच्याकडं लाईट जात नाही.

कॅम्प गेला आणि एवढी मोठी लाइन एका छोट्या गावासाठी कशाला, असा प्रश्न वर निघाला. गाव शेतीच्या फीडरवर टाकलं. ट्रायल म्हणून. तक्रारी फार आल्या तर परत जुन्या लाइनीवर, नाहीतर जुनी तार काढून दुसरीकडं वापरायची. ट्रायल संपली. हुंबरवाडीतून एकही तक्रार नव्हती.

आमचे एईई साहेब, म्हणजे माझे वरिष्ठ, खूष झाले. "मॅडम, इतकं समजूतदार गाव मी सर्व्हिसमध्ये पाहिलं नाही. तार काढून टाका."

"कॅम्पच्या गेटवर वॉचमनची खोली आहे साहेब. ती अजून त्याच लाइनीवर आहे."

"एक बल्बच ना? सोलर दिवा देऊ."

म्हणून त्या सकाळी मी लाइन क्लिअर घेतला. लाइनीवर माणूस चढवण्याआधी सबस्टेशनकडून ती बंद करून घ्यायची, तारांना अर्थिंगच्या सळ्या लावायच्या, मगच चढायचं. ती लाइन परत चालू करण्याचा हक्क फक्त लाइन क्लिअर घेणाऱ्याला. म्हणजे मला. गावाचीही तेव्हा लाईट नव्हती, कारण त्या आठवड्यात त्यांची पाळी रात्रीची होती.

मी चहाचा दुसरा घोट घेते तोवर गेटच्या बाजूनं एक बाई पळत आली. तिच्या पायात चप्पल नव्हती.

"गेटवरची लाईट कुनी घालवली? आप्पांचं मशीन बंद पडलंय!"

"कसलं मशीन?"

"आक्शिजनचं वो!"

मला पुढचं विचारायची गरज पडली नाही. मी मारुतीला ओरडले, "खाली उतर! सळ्या काढ!" अशा वेळी घाई करता येत नाही, आणि त्यासारखी शिक्षा नाही. माणूस खाली आला पाहिजे, सगळ्या सळ्या निघाल्या पाहिजेत, आपली माणसं डोळ्यांनी मोजली पाहिजेत, मगच सबस्टेशनला फोन. नाहीतर एकाला वाचवायला दुसरा जातो. मारुती पट्टा सोडत होता, ती बाई माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि मी तिच्याकडं बघायचं टाळत होते. शेवटी फोन लावला, लाइन क्लिअर परत केला, लाइनीत वीज आली. आम्ही दोघी गेटकडं पळालो.

वॉचमनच्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक वाळलेला म्हातारा बसला होता. नाकात नळी. पायाशी मशीन घरघरत होतं. ओठ निळसर पडले होते, ते हळूहळू माणसासारखे दिसू लागले. वॉचमन नारायणअण्णा त्यांना पुठ्ठ्यानं वारा घालत होता.

ते दत्तूआप्पा. कॅम्पच्या मेसमध्ये त्यांची कुक म्हणून सगळी नोकरी झाली. फुप्फुसं निकामी झाली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, घरी लाईट टिकते का? सुरेखानं, म्हणजे त्या पळत आलेल्या सुनेनं, अभिमानानं सांगितलं होतं की आमच्यात जातच न्हाय. मशीन त्या भरवशावर घरी आलं. आता गावातली लाईट गेली की नवराबायको आप्पांना खुर्चीसकट उचलून इथं आणायची. सगळ्या हुंबरवाडीत खात्रीचा तेवढा एकच प्लग होता, आणि मी त्याची तार काढायला आले होते.

"इतके दिवस हे चाललंय आणि तुम्ही तक्रार नाही केली?" मी जरा चिडूनच विचारलं.

"केली की!" सुरेखा माझ्यावर चढलीच. "रोज करतोय. सगळा गाव करतोय."

"कुठं?"

तिनं नारायणअण्णाकडं बोट दाखवलं.

या गावाची पद्धतच ती होती. लाईट डिम झाली, नळ तुटला, साप चावला, गेटवर जाऊन सांगायचं. सुभेदारसाहेब कुठंतरी फोन लावायचे आणि काम व्हायचं. आमच्याकडं तक्रार यायची ती कॅम्पच्या नावानं. गावाचं नाव आमच्या सिस्टीममध्ये कधी उमटलंच नव्हतं.

"अण्णा, तुम्ही त्यांना काय सांगत होता?"

"सांगतो सायबास्नी, असं म्हनत व्हतो," नारायणअण्णा खाली बघत म्हणाला. "सायेबच न्हाईत म्हटलं तर मानसं जायाची कुटं?"

मी एईई साहेबांना फोन लावला. हा सीमाभाग, आमचं ऑफिसातलं बोलणं कन्नडमध्ये चालतं.

"साहेब, काम थांबवलंय."

"का? गावानं अडवलं?"

"नाही. चहा दिला."

मग मी सगळं सांगितलं.

"वाईट आहे, मॅडम. पण तक्रार एकही नाही."

"आहेत साहेब. गेटवर आहेत."

"गेटवरच्या तक्रारी मी वर कशा दाखवू? सिस्टीममध्ये आली तरच तक्रार."

"आणि आल्या तर?"

"तर ट्रायल फेल. नियमच आहे." मग ते म्हणाले, "मॅडम, रिपोर्ट संध्याकाळी पाठवा. घाई नाही."

त्यांना माणूस म्हणून मी त्या दिवशी पहिल्यांदा ओळखलं.

मी गावाला म्हणाले, बिलं आणा, त्यावर नंबर आहे, फोन लावा आणि तक्रार करा. कुणी हलेना.

"तुमचीच तक्रार करायची?" तो चहावाला म्हातारा म्हणाला. "आत्ताच तर चा पाजला तुमास्नी."

"करा. माझ्या नावानं करा."

"आनि सुभेदारसायबास्नी वाईट वाटंल त्येचं?"

कोंडी नारायणअण्णानं फोडली. कुणाची गिरण थांबली, कुणाच्या घरी लग्नात अंधार झाला, हे सगळं त्याच्या ध्यानात होतं. तो एकेकाला हाक मारून पुढं बोलवायचा, नंबर लावून द्यायचा आणि पलीकडच्या कन्नड पोरीला नीट समजावून सांगायचा. सांगतो सांगतो म्हणत होता, ते त्यानं शेवटी सांगितलं.

आप्पांनी हट्टानं फोन स्वतः घेतला. लाईट कधीपासून नाही, असं तिकडून विचारलं.

आप्पांनी दम गोळा केला. "सुभेदारसायेब गेल्यापास्नं," ते म्हणाले.

ट्रायल फेल झाली. हुंबरवाडी परत जुन्या लाइनीवर आली. कागदावर आता ते गाव 'वारंवार तक्रारी करणारे' म्हणून नोंदलेलं आहे. माझ्या नोकरीत मला एवढंच समजलंय, की जो गप्प बसतो तो सुखी आहे असं आमचं कॉम्प्युटर धरतं, आणि त्याचं म्हणणं पुढं पोचवायला आता गेटवर कुणी सुभेदार नाही.

पुढच्या वर्षी एका सकाळी माझ्या स्क्रीनवर हुंबरवाडीची तक्रार आली. ग्राहक दत्तूआप्पा. फोन करणारी सुरेखा. ऑपरेटरनं तिचं बोलणं जसंच्या तसं टाइप केलं होतं: आप्पा पहाटे गेले, मशीन चालू होतं, लाईट होती, मॅडमना सांगा. खाली स्टेटस 'प्रलंबित'.

मला रडू आलं, ते मी ऑफिसात येऊ दिलं. तक्रार बंद करताना कारण निवडावंच लागतं, त्याशिवाय सिस्टीम सोडत नाही. मी 'पुरवठा सुरळीत' निवडलं.