हवालदाराच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स

माझ्या पोराच्या छातीत गोळी घुसली तेव्हा मी टीव्हीसमोर बसून लसूण सोलत होते. मालिकेतला चोर गोदामात पोत्यांच्या मागं दडला होता. त्यानं पहिली गोळी झाडली ती इन्स्पेक्टर साहेबांच्या दंडाला चाटून गेली. दुसरी साहेबांनाच लागायची, पण हवालदार मधे पडला. तो हवालदार म्हणजे माझा पोरगा. आधी गुडघ्यावर बसला, मग आडवा झाला. साहेब त्याच्या नावानं ओरडले आणि भाग संपला. लगेच साबणाची जाहिरात लागली.

आमच्या रहिमतपूरकडच्या गावात मालिकेच्या दिवशी अर्धी गल्ली माझ्याच घरात असते. टीव्ही सगळ्यांकडं आहे, पण हवालदाराच्या आईच्या घरात बसून हवालदार बघायची त्यांना हौस. बायकांनी एकदम पदर तोंडाला लावले. माझी धाकटी जाऊ म्हणाली, "गेला वो आक्का. वाघावानी गेला."

"कुठं गेला? सकाळी फोन आलाय त्याचा. सर्दी झालीया म्हणाला."

"तुमाला कसं काय वाटत न्हाई?" असं म्हणून ती माझ्याकडं बघतच राहिली.

मला वाटलं होतं. पण तिला वाटलं तसं नाही. माझ्या पोराला मेलेला बघायची मला सवय होती. मिल्ट्रीच्या भरतीत त्याची छाती कमी भरली, म्हणून तो घरी बसला. मग नाटकाच्या नादानं मुंबईला गेला. तिथं ह्याच मालिकेत त्याला पहिलं काम मिळालं ते मढ्याचं. कधी विहिरीतलं मढं, कधी उसाच्या फडातलं. तोंडावर चादर असायची. मी त्याला पायाच्या वाकड्या अंगठ्यावरून ओळखायची आणि बायकांना दाखवायची, "ते बघा, आमचं हाय." बरीच वर्षं मढं होऊन काढल्यावर त्याला एकदाचं उठवलं आणि हवालदार केलं.

मढं झालेल्या माणसाला दुसऱ्या भागात परत बोलावतात, दुसरं मढं म्हणून. मेलेल्या हवालदाराला बोलावत नाहीत, कारण त्याचं तोंड आता लोकांना पाठ झालेलं असतं. एवढं मला कळत होतं. पोरगा चाळिशी ओलांडलेला, बायको आणि मुलगी मुंबईत, मुलीची शाळा तिथं. उसाला पाणी पाजायला सांगितलं तर सरीत चप्पल सोडून येणारा माणूस. तो परत आला तर शेताचंच नुकसान. म्हणून मी त्या रात्री लसूण तसाच ठेवला आणि आमटी बिनलसणाची केली.

दुसऱ्या दिवशी दूध घालायला गेले, तर डेअरीवाला माझी किटली हातात धरून उभाच. म्हणाला, "काकी, आज कशात मन लागंना बगा."

"तुझं नसंल लागत. माज्या म्हशीचं लागलंय. दूध माप."

बचत गटाच्या बायकांनी तर ठराव केला की हवालदाराला मारल्याबद्दल ती मालिका बघणं बंद. पुढचा भाग शनिवारी होता. ठराव शुक्रवारपर्यंत अगदी कडक पाळला.

पोराचा फोन आला तेव्हा मी सरळ विचारलं, "मेलास का न्हाई?"

"मला बी ठावं न्हाई, आये," तो म्हणाला. "दवाखान्यातल्या खाटेवर नाकात नळी घालून झोपवलंय. दोन्ही करून घेतलंय. मेल्यालं बी आन् डोळं उघाडल्यालं बी. कंचं दावायचं ते त्यांच्यात चाललंय अजून. तू फकस्त कुणाजवळ बोलू नगं. बाहेर बोलायची बंदी हाय आमाला."

"आन् मेलास तर?"

"मेलो तर हाय की गाव."

हे तो हसून म्हणाला, पण मी त्याची आई आहे. तो कसा हसतो ते मला माहीत आहे.

मंगळवारी जाऊ सांगत आली, "आक्का, आज स्टँडकडं जाऊ नगासा." म्हणून मी लगेच गेले.

आमच्याकडं फ्लेक्स लावायला कारण लागत नाही. पोरगं पोलिसात लागलं तर फ्लेक्स, बैल शर्यतीत पहिला आला तर फ्लेक्स, कुणाचा वाढदिवस असला तर फ्लेक्स. स्टँडवर माझ्या पोराचा होता. टोपी, वर्दी, गळ्यात झेंडूचा छापलेला हार, दोन्ही बाजूला समया. चौथीपर्यंतची शाळा तेवढं वाचायला पुरते. 'ढाण्या वाघाला भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली 'शोकाकुल' लिहून मंडळाच्या पोरांचे फोटो, काळे चष्मे लावलेले. दुःखात काळे चष्मे का लावले होते ते त्यांनाच ठाऊक. हे मालिकेतल्या हवालदाराबद्दल आहे असंही लिहिलं होतं, पण इतक्या बारीक अक्षरात की खांबावर चढल्याशिवाय दिसू नये.

मंडळाचा अध्यक्ष चहाच्या टपरीवर बसला होता. मी म्हणाले, "जित्या माणसाला हार घातलासा व्हय रं?"

"काकी, दादाला कुटं घातलाय? हवालदाराला घातलाय."

"तोंड कुणाचं हाय?"

"तोंड दादाचंच हाय," तो म्हणाला. "पर गावाचा मान हाय हो ह्यो. मुंबैत मेला तरी गावानं दखल घेतली."

"उतरीव."

"उतरवतो की सांजच्याला."

आमच्याकडं फ्लेक्स एकदा चढला की पाऊस उतरवतो, माणूस नाही. दुसऱ्या दिवशीही तो तसाच होता. तोवर कुणीतरी त्याचा फोटो मोबाईलवर पाठवला होता. तो फिरत फिरत माझ्या नणंदेच्या पोरांकडं गेला. ती विट्याजवळ दिलेली आहे, आणि तिची पोरं तिकडं दक्षिणेत सोनं गाळायचं दुकान चालवतात. पोरांनी तो आईला पाठवला. एवढ्या प्रवासात ती बारीक अक्षरं कुणीच वाचली नाहीत. नणंद मालिका बघत नाही, त्या वेळेला ती भजनाला जाते. तिला भाचा नोकरीला आहे एवढंच माहीत.

मी उंबऱ्यात बसून गहू निवडत होते. गल्लीच्या तोंडाला जीप थांबली आणि तिथूनच हेल आला, "आरं माज्या वाघाऽऽ, आत्याला न भेटता कसा रं गेलासऽऽ!"

नणंद माझ्यापेक्षा मोठी आहे. गुडघे गेलेत, पण त्या दिवशी पळत आली. मागून तिची सून डबा घेऊन. डबा बघितला आणि माझ्या ध्यानात आलं. ज्या घरात माणूस जातं त्या घरात चूल पेटत नाही. जवळची माणसं पिठलं-भाकरी घेऊन येतात आणि घरच्यांना बळंच खायला घालतात. त्याला आमच्याकडं कडू घास म्हणतात. माझा नवरा गेला तेव्हा हिनंच आणला होता.

"आवं वन्सं, गप ऱ्हावा. जिता हाय त्यो."

तिनं मला छातीशी आवळलं. सुनेला म्हणाली, "बगितलंस? डोस्क्यावर परिनाम झालाय. असंच हुतंय." मग मला म्हणाली, "वैनी, रड गं. रडून मोकळी हो."

मी फोन लावला. शूटिंगच्या वेळी त्यांचे फोन काढून घेतात, त्यामुळं तो बंद लागला. बंद फोन ऐकून नणंदेनं नवा हेल काढला. धाकटी जाऊ धावत आली ती पण रडायला लागली.

"तू कशाला रडतीस गं? तुला ठावं हाय की समदं."

"ठावं हाय वो आक्का," ती नाक पुसत म्हणाली, "पर वन्सं येवड्या रडाय लागल्यावर मला दम निगंना."

तोवर नणंदेनं भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवून माझ्या तोंडात कोंबला. मी खाल्ला. जित्या पोराच्या नावानं कडू घास खाल्लेली गावात मी एकटीच असेन. पिठलं चांगलं होतं, मीठ जरा कमी.

मग मी उठले, खुंटीवरचा विळा घेतला आणि स्टँडवर गेले. माझ्या मागं नणंद, तिच्या मागं सून, तिच्या मागं जाऊ. तिघी रडत. चहाच्या टपरीचं बाकडं ओढलं, वर चढले आणि दोऱ्या कापल्या. एसटीची वाट बघणारे सगळे गोळा झाले आणि सगळ्यांचे मोबाईल वर झाले. फ्लेक्स माझ्याच अंगावर पडला. त्याच्या आतून मी नणंदेला ओरडले, "बगा, हे नाटकाचं मराण हाय! खरं न्हाई!"

"मग त्यो हाय कुटं?" नणंद म्हणाली.

"मुंबैत! दवाखान्याच्या खाटंवर, नाकात नळी घालून! मेल्यालं बी करून घेतलंय आन् डोळं उघाडल्यालं बी!"

बोलायची बंदी होती हे फ्लेक्सखालून बाहेर आल्यावर आठवलं.

तासाभरात ते सगळीकडं गेलं. 'हवालदाराच्या आईनं सांगितलं, हवालदार जिवंत.' कुठले कुठले फोन आले. सांगलीहून एक बाई म्हणाली, आजी, तुमच्यामुळं आज दोन घास गिळले. एका माणसानं अगदी हळू आवाजात विचारलं, "सावकाराचा खून कुणी केला तेवढं पण सांगा की." मी म्हटलं, तूच केलास. त्यानं फोन ठेवला.

अध्यक्ष येऊन म्हणाला, "काकी, फ्लेक्स तरी परत द्या."

"म्हशीच्या वैरणीवर टाकलाय. छापलेली बाजू खाली केलीया. जा आता."

दिवेलागणीला पोराचा फोन आला. तो ओरडला नाही. तो ओरडत नाही तेव्हा मला जास्त धास्ती वाटते. "आये, मला बोलावून घेतलं. मी बाहेर फोडलं म्हणतेत. लिवणारा म्हणतोय, आता मारूनच टाकतो, म्हंजे लोकांस्नी धक्का बसंल."

"मग?"

"मग काय. शनवारी टीव्हीवर तू बगशील तवाच मला बी कळंल."

मी नणंदेला हे सांगितलं. ती परत गेली नाही. म्हणाली, आता निकाल ऐकूनच जाते. तिचं त्या शनिवारचं भजन चुकलं.

त्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. बचत गट ठरावासकट आला होता. डेअरीवाला आणि अध्यक्ष दारात उभे. पडद्यावर माझा पोरगा खाटेवर पडलेला, नाकात नळी. साहेब दंडाला पट्टी बांधून खिडकीशी उभे. डॉक्टर आले, नाडी बघितली आणि मान हलवली.

नणंद उठून उभी राहिली. "ह्यो डाक्टर काय कामाचा न्हाई. मिरजंला न्हेवा त्येला!"

"खाली बसा वन्सं, दिसत न्हाई," मागून बायका ओरडल्या.

नर्सनं चादर हातात घेतली. वर ओढत ओढत गळ्यापर्यंत आणली. मला चादरीच्या दुसऱ्या टोकाला तो वाकडा अंगठा दिसला. इतकी वर्षं तो बघून मी हसत आले होते. त्या दिवशी माझ्या हातात लसूण नव्हता, सोलायला काहीच नव्हतं. मी पदराचं टोक धरून बसले आणि त्या अंगठ्याकडंच बघत राहिले.

अंगठा हलला.

चादर थांबली, मग डोळे उघडले, मग त्यानं विचारलं, "साहेब कुठं आहेत?" पण ते नंतर. मला आधी अंगठा दिसला. बाहेर अध्यक्षानं फटाक्यांची माळ लावली, तिला घाबरून म्हैस दावं तोडून गेली. जाऊ साखर आणायला पळाली. नणंद मला म्हणाली, "मी आणलेलं पिठलं लागू पडलं बग." पदर पिळवटून हातात चुरगळला होता तो सरळ केला.

सगळे साखर खाण्यात असताना पडद्यावर साहेब खिडकीपाशी कोसळले, ते कुणी धड बघितलंच नाही. पोरानं मग फोनवर सांगितलं. साहेबांना सिनेमा मिळाला होता, ते जाणारच होते. त्यात फ्लेक्सखालून ओरडणाऱ्या म्हातारीचा तो व्हिडिओ गावोगाव फिरला. हवालदाराला मारलं तर लोक ऐकणार नाहीत असं वरच्यांनी लिहिणाऱ्याला सांगितलं. मग त्यानं मरण तेच ठेवलं, माणूस बदलला. साहेबांची दंडाची जखम चिघळली असं दाखवलं. त्यांच्या नावाचा फ्लेक्स आमच्या स्टँडवर लागला नाही. अध्यक्षाला विचारलं तर म्हणाला, ते आपल्या तालुक्यातले नव्हते.

नणंद दुसऱ्या दिवशी विट्याला गेली. जाताना तिचा डबा मी घासून परत दिला, आत तो राहिलेला लसूण घालून.

त्या गोदामात गोळी दोघांना लागली होती. दंडाला लागलेला गेला. छातीत लागलेला वाचला.