भिजलेली पत्रकं

ओल्या कागदाचा वास आला की ती खाडी आठवते. एका शनिवारी बेळगावहून सायकलींवर घाट उतरून मी आणि माझा मित्र, मीच लिहिलेली सरकारविरोधी पत्रकं कोकणात पोचवायला निघालो होतो. खाडी ओलांडायला होडी येईपर्यंत, आमच्याकडे नदीकाठी टाकतो तशा सायकली वाळूत आडव्या टाकल्या आणि वर जाऊन भाकरी सोडून खायला बसलो. भरती आली आणि कॅरिअरवरचं गाठोडं भिजलं. "लई शाणं की रं आपण!" मित्र म्हणाला. म्हातारा नावाडी हसत पत्रकं वाळत घालू लागला. "माका वाचूक येणा नाय, तूच वाच." मी तावातावाने वाचलं. "ह्या कोणासाठी लिवलंस?" "तुमच्यासाठीच की, आजोबा." "मगे माका समजाक नको?" आजही छापायला देण्याआधी मी लिहिलेलं मोठ्याने वाचतो, आणि निम्मं खोडतो.