वाढलेलं वजन लिहू नको

मी चौथीपर्यंत शिकले. तेवढ्या शिक्षणावर मला परदेशी मदतीच्या दूधकेंद्रात वही लिहायचं काम मिळालं, आणि तेवढ्याच शिक्षणावर मी ते केंद्र बंद पाडलं. तिथल्या सिस्टरची आठवण अजून जात नाही. नव्वदीला टेकले, आता जाणारही नाही.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली होती. आमचे हे गिरणीत. पाळी सुटली की थेट सभेला, घरी फक्त जेवायला. काळाचौकीच्या आमच्या चाळीत तळमजल्यावर व्यायामशाळेची खोली होती. सकाळी जोर काढणारी पोरं गेली की ती खोली केंद्राची व्हायची. ठरलं होतं ते असं: दुधाची पावडर, वजनकाटा आणि सिस्टर त्यांच्या देशाची. खोली, पाणी, स्टोव्ह आणि लिहिता येणारी एक बाई आमची. दोन वर्षं असं चालवायचं. मग साहेब येऊन वही बघणार. पोरांची वजनं वाढलेली दिसली तर केंद्र पुढे चालू, नाही तर पावडर दुसऱ्या कुठल्या तरी गावाला. सिस्टरने हे पहिल्याच दिवशी ऑफिसच्या कारकुनाला मराठीत सांगायला लावलं होतं. मला समजलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

सिस्टर उंच होती. दारातून वाकून आत यायची. उन्हाने नाकाची सालं निघालेली. पहिल्या दिवशी बूट घालून आत आली, आमचे पाय बघितले, दुसऱ्या दिवसापासून बूट दाराबाहेर. कुणी सांगितलं नव्हतं. मी पावडर कालवायची, ती गुठळ्या मोडायची. गुठळी राहिली तर माझ्याकडे असं बघायची की माझ्या सासूनेही तसं कधी बघितलं नाही. मला सगळे वैनी म्हणायचे, म्हणून तीही वैनीच म्हणायची. मी तिच्याहून वयाने लहान होते.

पहिली चूक तिची. दुसऱ्या माळ्यावरच्या मालवणिणीचा मुलगा चांगला गुटगुटीत होता. सिस्टरने त्याला काट्यावरून उचललं, सगळ्या बायकांसमोर वर धरलं आणि म्हणाली, "छान. मोठा. जाडा." तिला मराठीचे तेवढेच शब्द येत होते, ते तिने एकदम वापरले. आईचा चेहरा उतरला. पोराला ओढून घेतलं, पदराखाली झाकलं आणि निघून गेली. त्याच आठवड्यात पोराला ताप आला. दुसऱ्या दिवशी तो अख्खा माळा खाली आला नाही. तिसऱ्या दिवशी कोणीच नाही. पातेलंभर दूध समोर आणि आम्ही दोघी.

"का?" तिने विचारलं.

मी मीठ-मोहऱ्या घेतल्या, हवेतल्या पोरावरून उतरवून दाखवल्या, डोळ्यांकडे बोट केलं. तिने कोपऱ्यातल्या व्यायामाच्या लाकडी करेलावर बोटाने टकटक केलं आणि स्वतःकडे बोट दाखवलं. दृष्ट लागू नये म्हणून तिच्याकडेही काहीतरी असतं असं, एवढं मला कळलं.

मग मी तिला पोरांना नावं ठेवायला शिकवलं. "जाडा नाही म्हणायचं. सुकट म्हणायचं." सुकट म्हणजे काय हे कळायला तिला बाजारात नेऊन वाळवलेली मासळी दाखवली. तिने नाक धरलं. पण शब्द बरोबर घेतला. त्यानंतर जितकं पोर गुबगुबीत तितका तिचा आवाज कडक: "सुकट. एकदम सुकट." बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. महिन्याभरात सगळ्या परत आल्या. कोपऱ्यातल्या खोलीतली तर माझ्याकडे तक्रार घेऊन आली.

"तुझ्या सिस्टरने सगळ्यांना सुकट म्हटलं, माझ्या मुलीला नाही म्हटलं. माझी काय वाईट आहे?"

"तुझी खरंच सुकट होती म्हणून," मी म्हटलं. "आता भरतेय. पुढच्या वेळी म्हणेल."

दुसरी चूक माझी, आणि ती मोठी. वजन सिस्टर बघायची. आकडा मोठ्याने बोलायचा नाही हे तिला शिकवलं होतं, म्हणून ती बोटांनी दाखवायची आणि मी वहीत लिहायची. आकडे मराठी, ते तिला वाचता येत नसत. माझ्यावर होता तितकाच तिचा वहीवर विश्वास होता. एकदा मालवणीण माझ्या कानाशी लागली.

"बाय गो, वाढलेला वजन लिवू नको."

"का गं?"

"तोंडान बोलला तर वाऱ्यार जाता. कागदार लिवला तर रवता. कोण कोण वाचतला, आमका काय ठावक? दिष्ट लागात."

मी मागच्या महिन्याचाच आकडा लिहिला. तिच्या पोराचा लिहिला तसा शेजारणीच्या पोराचा लिहावा लागला, नाही तर ती म्हणाली असती, माझ्यावरच डोळा का? करता करता वहीतलं एकही पोर वाढेना. खोलीतली सगळी वाढत होती. मला ते खोटं वाटलंच नाही. पोरं समोर धडधडीत रांगतायत, साहेबाला डोळे नाहीत का, असं मी धरून चालले. साहेब लोक डोळ्यांपेक्षा वही जास्त बघतात, हे मला कोण सांगणार?

दोन वर्षं भरली. साहेब आला. चाळकमिटीच्या सेक्रेटरींनी आपल्या घरची खुर्ची खाली आणवली. कारकून वहीतला एकेक आकडा त्यांच्या भाषेत वाचू लागला. मागचा महिना, त्याच्या मागचा, सगळं तेच. साहेबाने चष्मा काढला. सिस्टरने वही कारकुनाच्या हातातून घेतली, पानं उलटली आणि परत दिली. तिला त्यात काही दिसणारच नव्हतं.

साहेबाने बायकांना विचारायला सांगितलं.

"पोरं कशी आहेत?" कारकून म्हणाला.

"कशी असणार? रोडकीच आहेत हो."

"जीव धरून आहेत, एवढंच."

"काय खात नाय मेला," मालवणीण म्हणाली आणि पोराच्या मांड्यांवर पदर ओढला. तेवढ्याने त्या मांड्या झाकल्या जात नव्हत्या.

सिस्टरने पोराला घ्यायला हात पुढे केले. काटा तिथेच होता. एकदा तोललं असतं तर प्रश्न मिटला असता. मालवणीण मागे सरकली, तिच्यामागोमाग बाकीच्याही. "आज नको. परक्या माणसासमोर नको."

मग सिस्टर माझ्याकडे वळली. "वैनी, तू सांग. सुकट नाही. तू सांग."

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. सांगायचं म्हणजे दोन गोष्टी सांगायच्या: पोरं वाढली आहेत आणि वही मी खोटी लिहिली आहे. पहिलीने बायका तुटल्या असत्या, दुसरीने सिस्टर. आणि त्या बायकांबरोबर मला रोज एकाच नळावर पाणी भरायचं होतं.

"वहीत आहे तेच," मी म्हटलं.

कारकुनाने ते तिच्या भाषेत सांगितलं. तिने हात खाली घेतले. दारात जाऊन बूट घालायला बसली, नाडी बांधायला तिला फार वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं, फोर्टातल्या त्यांच्या ऑफिसात जाऊन सगळं सांगायचं. पण त्या दिवशी हरताळ होता. ट्राम बंद, बस बंद. मी चालत निघाले. लालबागच्या पुढे रस्त्यावर दगडांचा खच आणि आडवे पोलीस.

"बाई, घरी जा. पोरंबाळं नाहीत काय तुला?" एक पोलीस म्हणाला.

"पोरांच्याच कामाला चालले."

"मग पोरांपाशी बस जा."

परत फिरले. बंदोबस्त उठायला बरेच दिवस गेले. रस्ते मोकळे झाले तेव्हा ऑफिसात पोचले, तर तोच कारकून भेटला. सिस्टर गेली होती, दुसऱ्या कुठल्या तरी देशात दुसऱ्या केंद्रावर. मी त्याला वहीचं सगळं खरं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

"आता काय उपयोग, बाई? साहेबांची सही झाली."

"मग सिस्टरला तरी कळवा."

"तिचा पत्ता आम्हाला देता येत नाही."

"मला नको. तुम्हीच लिहा."

तो हो म्हणाला. लिहिलं की नाही, देव जाणे. आमच्या खोलीतून काटा आणि पावडरची पिंपं नेली. गुठळ्या मोडायचा पितळी डाव तेवढा राहिला, तो माझ्याकडे होता. पुढे झिजला, मोडीत दिला.

राज्य मिळालं त्या दिवशी चाळीत पेढे वाटले. ह्यांनी माझ्या हातावर एक ठेवला. मला वाटलं, ती असती तर छान, मोठा, जाडा हे तिचे तिन्ही शब्द म्हणाली असती आणि त्या दिवशी मी तिला अडवलं नसतं. नंतर कित्येक वर्षं परळच्या इस्पितळापाशी कुणी उंच गोरी बाई दिसली की मी रस्ता ओलांडून चेहरा बघून यायचे. कधीच ती नसायची. चाळीत पुढे पुष्कळ केंद्रं झाली, पुष्कळ सिस्टर आल्या, कुणी बूट काढले, कुणी नाही काढले. तिच्या जागी कुणी बसलं नाही. दूध कालवायला दुसरं माणूस मिळतं, सोबत बसून कालवणारं मिळत नाही.

मालवणिणीचा मुलगा आता साठीच्या पुढे गेला. करी रोडला टॉवरमध्ये राहतो. दिवाळीला येतो, जिना चढताना धापा टाकतो. मी म्हणते, "सुकलायस रे." तो हसतो. त्याला वाटतं, म्हातारीची दृष्टी गेली.

आता लिहायला हरकत नाही. ज्यांना भीती होती त्या बायका गेल्या आणि पोरांना लागायची ती दृष्ट लागून गेली. बोटांवर दाखवलेले आकडे माझ्या लक्षात आहेत. साहेब आला त्या महिन्यात मालवणिणीचा मुलगा पंचवीस पौंड भरला, मी वीस लिहिलं. कोपऱ्यातल्या खोलीतली मुलगी साडेबावीस, मी अठरा लिहिलं. माझ्या सख्ख्या शेजारणीचा तेवीस, मी साडेएकोणीस लिहिलं. सगळी वाढली होती.