आंब्याला जाताना जीप सरळ का चालेना

डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. गाडी उंच करून, मोठे टायर घालून आंबा घाटाकडं निघणाऱ्यांनी वाचा, म्हणजे माझ्यासारखी फजिती व्हायची नाही.

माझी जुनी फोर बाय फोर जीप. शुक्रवारी बाळू मिस्त्रीनं ती दोन इंच उंच केली. नव्या स्प्रिंगा, जाडजूड टायर. पूजा गॅरेजातच मांडली होती. बॉनेटला हार, चाकांना हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. गाडी जॅकवरनं खाली घेतली तेव्हा बाळू "अर्धा तास थांबा की" म्हणत होता. "राहुकाळ लागतोय, तुझा अर्धा तास तुझ्याजवळच ठेव," म्हणून मी नारळ फोडला आणि गाडी बाहेर काढली.

सुजाताची, म्हणजे बायकोची, अट होती. "एक मुक्काम करून येऊ. पोरीला घेऊन जाताना मला भ्या वाटलं तर गाडी विकायची." कबूल म्हटलं. दहा वर्षं जीव लावलेली गाडी विकायची वेळ येतेय कशाला!

शनिवारी सकाळी सातला निघालो. शिवाजी पूल ओलांडून केर्लीला पोचेपर्यंत हातांना कळलं, काहीतरी बिनसलंय. स्टिअरिंग सरळ धरावं तर गाडी डावीकडं सरकते, सावरावी तर उजवीकडं पळते. चार बोटं फिरवलं तरी चाकांना पत्ता नाही. जोतिबा फाट्यावर चहाला थांबलो तर सल्लागार हजर.

"पावणं, चाकातली हवा कमी करा."

"खुळा हाईस का? हवा वाढवा की वो!"

हवा तपासली. चारही चाकांत सारखी. मग रस्त्याला शिव्या घातल्या, आणि रस्त्यानंही संधी भरपूर दिली. रुंदीकरण चालू आहे, कुठं डांबर, कुठं नुसती खडी, वळवलेल्या रस्त्याला पाटी नाही. जाणाऱ्यांनी तासभर जास्तच धरावा.

वाघबिळाच्या घाटात समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला. मी डावीकडं घेतोय आणि गाडी ऐकेचना! मागून चिऊ किंचाळली, "बाबा!" हातभर अंतरावरून ट्रॉली गेली. मी गाडी कडेला घेतली, मागं वळलो आणि सात वर्षांच्या पोरीवर खेकसलो, "तोंड बंद ठेव! तुझ्या वरडण्यानं मेलो असतो आत्ता!"

सुजाता खिडकीबाहेर बघत राहिली. मी पुढचे दहा किलोमीटर बाळूच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, तीसच्या वेगानं गाडी ओढत होतो.

बांबवड्याला मिसळ खाल्ली. ऐंशी रुपये, कट झणझणीत, पाव ताजा. चिऊनं पावाला हात लावला नाही.

मलकापुरात एक गॅरेज दिसलं. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली मापाप्रमाणं ओळीनं लावलेले पाने. साठीचे मिस्त्री, त्यांना सगळे आबा म्हणत होते. मी बाळूचं पुराण सुरू केलं.

"वरडू नगासा," आबा म्हणाले. "ताई, तुमी बसा स्टेरिंगवर. गाडी चालू ठेवून जागेवरच डावं-उजवं हलवा. थोडंच."

ते पोतं टाकून खाली वाकले. "बास! पावणं, हितं बघा."

पुढचा ॲक्सल चासीला धरून ठेवणारा आडवा दांडा असतो. त्याचा बोल्ट प्रत्येक हेलकाव्याला खट् करत सरकत होता.

"सोडत न्हाय मी त्या बाळूला!"

"त्येचं काय चुकलं? गाडी टांगलेली असताना ह्यो बोल्ट नुसता हातानं लावायचा. चाकावर हुबी केली, वजन बसलं, की मग आवळायचा. अर्ध्या तासाचं काम. केलं न्हाय व्हय त्येनं?"

स्टिअरिंगवरून सुजाता बोलली, "करणार हुता की. ह्येंचा राहुकाळ आडवा आला."

आबांनी बोल्ट आवळला आणि परत गेल्यावर अलाइनमेंट करून घ्यायला सांगितलं. पुढं गाडी दोरी लावल्यासारखी सरळ गेली. आंब्याला मुक्काम झाला. मानोली धरणाची सकाळ, धुकं, पलीकडच्या काठाला गव्यांचा कळप. "बघ चिऊ, गवा!" ती "हं" म्हणाली.

रविवारी परतलो. सोमवारी अलाइनमेंटला बाळूकडं गेलो तर तो म्हणतो, "दादा, तुमास्नी तीन फोन केलतं त्या दिवशी." केले होते. शुक्रवारी गाडी बघायला जमलेल्या पाहुण्यांकडून कौतुक ऐकताना मी ते तिन्ही कापले होते. पहिल्यांदाच राग कुणावर काढावा ते कळेना.

घरी येऊन सुजाताला विचारलं, "मग, विकायची?"

"गाडीचं भ्या न्हाय वाटलं मला," ती म्हणाली. "तुमचं वाटलं."

तर मंडळी, गाडी उंच केली की वजनावर उभी करून बोल्ट आवळून घ्या, मुहूर्त गेला खड्ड्यात. माझी जीप आता झकास चालते. काल चिऊला तिच्यातनंच शाळेत सोडत होतो. समोर अचानक कुत्रं आलं, मी ब्रेक दाबला आणि आरशात बघितलं. पोरीनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं.