पाहुण्या मेंढीची लोकर

सूर्यभान आबा आयुष्यात एकच व्हिडिओ गेम खेळले आणि त्यात कधीही जिंकले नाहीत. शर्यतीत जिंकायचं असतं, हेच त्यांना पटलेलं नव्हतं.

बिडकीनजवळची त्यांची वस्ती. दोन हजार बाराच्या दुष्काळात चारा संपला, तसा त्यांनी मेंढरांचा कळप विकला आणि बिऱ्हाड घेऊन ते शहरात बीड बायपासला एका बांधकामावर वॉचमन म्हणून लागले. साइट ऑफिसात इंजिनीअरचा जुना कॉम्प्युटर होता, त्यात गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम. साहेब नसले की त्यांची लेक ज्ञानेश्वरी तो लावायची. आबा खेळायला बसले की सगळ्या गाड्यांच्या मागं राहायचे. एखादी उलटली की ब्रेक दाबून तिच्याजवळ थांबायचे. लेक कपाळाला हात लावायची.

"आबा, पुढं काढा की गाडी!"

"मागचं कुणाच्या भरवशावर सोडू? राखणारा मागंच चालतो. आन् बघ, आपण मागं पडलो की पुढच्या बी हळू व्हत्यात. हे बनवणारा मेंढपाळच असंल."

ज्ञानेश्वरी पोट धरून हसायची.

पाऊसपाणी सुधारलं तेव्हा आबांचा भाऊ कडुबा त्यांना परत वस्तीवर न्यायला आला. आपली निम्मी मेंढरं देतो म्हणाला. आबांचा जीव मेंढरांत अडकलेला, पण "पोरीची शाळा हाय" एवढंच बोलून ते राहिले. जिथं कधी कळप चारले तिथं फ्लॅट उभे राहत गेले आणि आबा ते राखत गेले.

ज्ञानेश्वरीनं कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला. नोकरी मात्र हाती लागेना. अखेर शहरातल्या एका छोट्या गेम कंपनीनं बोलावलं: स्वतः बनवलेला गेम घेऊन या, मग बघू. हिच्या गेममधली गाडी वळण आलं की रस्ता सोडून हवेत जायची. अन् त्याच आठवड्यात बातमी आली की त्या जुन्या शर्यतीच्या गेमचा सोर्स कोड कुणीतरी फोडला. गाडीनं कसं धावावं, कसं वळावं, हे सगळं ओळीओळीनं लिहिलेलं इंटरनेटवर उघडं पडलं होतं. तिनं ते उतरवून घेतलं आणि पहिल्यांदा आबांचं म्हणणं शोधलं. सापडलं! खेळणारा फार मागं पडला की पुढच्या गाड्यांचा वेग कमी करायचा, असं चक्क लिहिलेलं.

"आबा, तुमचं खरं होतं!"

"मी म्हणलं नव्हतं?" आबा अगदी खुलले.

मग ती वळणांचा भाग उचलून आपल्या गेममध्ये घालू लागली.

"गेमच्या मालकानं दिलाय का गं हा?" आबांनी विचारलं.

"नाय. कुणीतरी चोरून टाकलाय. पण सगळेच घेतायत."

"चुकून आपल्या कळपात आलेल्या मेंढीचं काय करतो आपण?"

तिला ठाऊक होतं. तिला चारायचं, पाणी पाजायचं, पण लोकर कातरायची नाही. मालक आला की जशीच्या तशी हवाली करायची. वस्तीवरचा शिरस्ता होता तो.

"आन् ही नोकरी गेली तर?"

"तर मी हाय की. अजून एक बिल्डिंग राखीन."

तिला संताप आला, रडूही आलं. पण तिनं उतरवलेला तो सगळा कोड पुसून टाकला.

स्वतः केलेली वळणं ओबडधोबडच झाली. मग तिनं खेळच बदलला. गाडी सगळ्यांच्या मागून चालवायची, उलटलेल्यांना उभं करायचं, आणि शेवटची गाडी पोचल्याशिवाय कुणीच जिंकायचं नाही.

कंपनीतल्या मॅडम वळणांना हसल्या. मग दुसऱ्यांदा खेळल्या. मग तिसऱ्यांदा.

"हे कुठून घेतलंस?"

"वडिलांकडून."

"काय करतात ते?"

"वॉचमन आहेत. आधी मेंढरं होती. दुष्काळात विकली. परत मिळत होती, पण माझ्या शाळेपायी त्यांनी घेतली नाहीत."

एवढ्या वर्षांत हे ती आबांना कधीच म्हणाली नव्हती. संध्याकाळी गेटवर जाऊन तिनं आधी ते त्यांच्यासमोर म्हटलं, आणि मग नोकरी लागल्याचं सांगितलं.