पिवळी उखा

परदेशात, क्लोनडॉकिनला, आमच्या भिंतीला भिंत लागून एक रशियन आजी राहायची. नवऱ्याच्या नोकरीपायी मी या देशात आले, आणि पहिल्या वर्षी दिवसभरात बोलायला तीच एक होती. दोघींचंही इंग्रजी यथातथाच, पण भांडणं छान व्हायची. बहुतेक माशांवरूनच.

मी रत्नागिरीची. खारवलेल्या हेरिंगवर बटाटा, बीट आणि मेयोनेजचे थर देऊन ती त्याला मेजवानी म्हणायची, ते मी एक वेळ गिळायचे. पण तिची उखा? माशाचं डोकं, अख्खा कांदा, तमालपत्र, चार मिरीदाणे, वरून शेपू. मंद आचेवर उकळून गाळलेलं नितळ पाणी!

"आजी, हे आजाऱ्याचं जेवण," मी म्हणायचे.

"आणि तुझं? तुझ्या मसाल्यात मासा घातला काय, बूट घातला काय, कुणाला कळणार?"

उखा जरा गढूळ झाली की ती सरळ ओतून द्यायची आणि पुन्हा मांडायची. मला तिने चार वेळा शेजारी उभं करून शिकवली.

या हिवाळ्यात ती ब्युमॉन्टला हॉस्पिटलात होती. आजार हाताबाहेर गेला होता, घास उतरत नव्हता. पातळ काहीही चालेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी भेटायला गेले तेव्हा माझा हात धरून म्हणाली, "उखा आणशील? तू केलेली." मला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सॅमनचं डोकं आणलं. फोनवर आईशी बोलता बोलता कल्ले काढले, धुतलं, आणि हळद-मीठ चोळलं. मासा घरात आला की जन्मभर पहिलं तेच केलंय, हात आपोआप डब्याकडे गेला. उखेला उकळी आली तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं.

गाळली, परत गाळली. पिवळी ती पिवळीच. चव वाईट नव्हती. पण आजी आता कशी हसेल ते डोळ्यांसमोर आलं, आणि माझा मलाच राग आला. चार वेळा शिकवूनही! वॉर्डला फोन केला, म्हटलं आज जमत नाही, उद्या आणते. नर्स तिला विचारून आली. "शी सेज टुमॉरो इज ग्रँड." म्हणजे उद्या चालेल. ती पिवळी उखा मग आम्ही नवरा-बायकोने भाताबरोबर संपवली.

पुढच्या दिवशीची उखा मात्र अशी उतरली की मीच बघत राहिले. थर्मासमध्ये भरून, दोन बस बदलून हॉस्पिटलात पोचले. वॉर्डाबाहेर आजीची मुलगी बसली होती. आजी पहाटेच गेली होती.

"काल दुपारचा ट्रे तिने परत पाठवला, संध्याकाळचाही," मुलगी सांगत होती. "पोटात जागा ठेवते म्हणाली. उद्या उखा येणार आहे ना!"

आमच्याकडे दारी आलेल्याला कुणी उपाशी पाठवत नाही. मी तिला उपाशी पाठवलं, चिमूटभर हळदीच्या लाजेपायी. तिने मला शिव्या घातल्या असत्या आणि ती उखा प्यायली असती. हे मला तेव्हा कळत नव्हतं का? कळत होतं. पण मला शाबासकी हवी होती.

मुलीने थर्मासकडे पाहिलं. "मी घेऊ थोडी?"

मी झाकणात ओतून दिली. ती उभ्या उभ्याच प्यायली, डोळे मिटून, सावकाश.

"अगदी आईच्या हातची," ती म्हणाली.

बिघडलीय म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं.